४७ × २३ : चौकट की उभी मांडणी? चौथीतल्या मुलीला काय शिकवावं?

रामबागची आई (इंदूर)

नमस्कार. मुलगी चौथीत आहे, शाळा इंग्रजी माध्यमाची. शाळेत गुणाकार चौकट आखून शिकवलाय. ४७ चे ४० आणि ७, २३ चे २० आणि ३, चार खणांत चार गुणाकार आणि शेवटी बेरीज. घरी आजोबा तिला उभी मांडणी करायला लावतात, हातचा धरून, दुसऱ्या ओळीत फुली देऊन. चौकटीत तिचं उत्तर बरोबर येतं. उभ्या मांडणीत ती फुली विसरते आणि ४७ × २३ चं उत्तर २३५ काढते. भागाकारातही असंच काहीतरी होतं. ८३२ भागिले ८ केलं तर उत्तर १४!

आजोबांचं म्हणणं, चौकटी आखण्यात वेळ जातो, मोठ्या आकड्यांना ही पद्धत पुरणार नाही. मुलीचं म्हणणं, बाईंनी सांगितलंय तसंच करणार. यातली एक पद्धत थांबवावी का?

बडोदेकर

माझ्या मते आधी पाढे बघा. तुमच्या मुलीला ७ × ८ साठी थांबावं लागत असेल तर कुठलीही पद्धत अडखळणारच. आणि पाढे एकाच भाषेत पाठ करून घ्या. आमच्या मुलाला घरी 'बे दुणे चार', शेजारी 'दो दूनी चार' आणि शाळेत 'टू टूज आर फोर', असे तिन्ही कानावर पडायचे, आणि त्याचा एकही पाढा धड होईना. शेवटी मराठी धरले. वीसपर्यंत झाले.

निवृत्त बाई (सुदामा नगर, इंदूर)

ताई, चौकट थांबवू नका आणि आजोबांनाही थांबवू नका. दोन्हीकडे गुणाकार एकच चाललाय, फक्त तो एकच आहे हे मुलीला कुणी दाखवलेलं नाही.

एका पानावर डावीकडे चौकट आणि उजवीकडे उभी मांडणी घ्या. चौकटीत ८००, १४०, १२० आणि २१ असे चार आकडे येतील. त्यातले १२० आणि २१ तिलाच मिळवू द्या. १४१ आले, म्हणजे ४७ त्रिक, उभ्या मांडणीतली पहिली ओळ. मग ८०० आणि १४० मिळवू द्या. ९४० ही दुसरी ओळ. दोन्ही मिळून १०८१. चार खणांच्या दोन ओळी कशा झाल्या हे तिने स्वतः बोट ठेवून दाखवलं पाहिजे. तुम्ही सांगू नका.

आता फुलीबद्दल. आजोबांची क्षमा मागून सांगते, या वयात फुली लिहूच देऊ नये, स्पष्ट शून्य लिहायला लावावं. दुसऱ्या ओळीत आपण २ ने गुणत नाही, २० ने गुणतो, म्हणून एककाच्या घरात शून्य येतं. फुलीतून मुलाला एवढंच कळतं की इथे काहीतरी खूण करायची असते. ज्या खुणेचं कारण माहीत नाही ती विसरायला कितीसा वेळ लागतो? वर्गात मी हे पुन्हा पुन्हा पाहिलंय. शून्य लिहिणारी मुलं पुढे आपोआप फुलीवर येतात, त्यात काही बिघडत नाही.

आणखी एक सवय लावा. गणित मांडण्याआधी अंदाज विचारा. ५० ला २० ने गुणलं तर हजार. मग २३५ पाहून ती स्वतःच थांबेल.

भागाकाराला नोटा आणि नाणी घ्या, अगदी खऱ्या. ८३२ रुपये, म्हणजे शंभराच्या आठ नोटा, दहाच्या तीन आणि रुपयाची दोन नाणी. आठ जणांत वाटा. प्रत्येकाला शंभराची एक मिळाली. दहाच्या नोटा तीनच, आठ जणांना पुरत नाहीत. म्हणून प्रत्येकाला दहाच्या शून्य नोटा, आणि हे शून्य भागाकारात लिहायलाच हवं. मग त्या तीन नोटा मोडून तीस नाणी करा, आधीची दोन घाला. बत्तीस नाणी, प्रत्येकाला चार. उत्तर १०४. 'भाग जात नाही, पुढचा आकडा खाली घ्या' असं आपण घाईत म्हणून टाकतो, आणि नेमकं तिथेच मुलाचं शून्य गळतं.

ग्वाल्हेरकर

बाईंना दुजोरा. अनेक पद्धती हा काही आजकालच्या शाळांचा शोध नाही. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'त १३५ × १२ हे एकच उदाहरण कितीतरी तऱ्हांनी सोडवलंय. १२ चे ८ आणि ४ करून १०८० + ५४०. आधी ४ ने आणि मग ३ ने गुणून. १० आणि २ करून १३५० + २७०. किंवा २० ने गुणून ८ पट वजा करून, २७०० − १०८०. सगळीकडे १६२०. आजोबांना हे जरूर दाखवा. फोड करून गुणणं ही आपल्याकडची जुनीच रीत आहे, हे कळलं तर त्यांचा चौकटीवरचा राग जाईल असं मला मनापासून वाटतं.

रामबागची आई

बाई, दोन अंकी भाजक आला की काय करायचं? ७५६ भागिले २४ ला ती रडकुंडीला येते. भाग किती लावायचा हेच सुचत नाही.

निवृत्त बाई

साहजिक आहे, २४ चा पाढा कुणाला येतो! बाजूला छोटा तक्ता करून द्या: २४ एकदा २४, दोनदा ४८, पाचदा १२०, दहादा २४०. मग ७५६ मधून तिला जमेल तेवढं काढू दे. २४० तीन वेळा काढले की ७२० गेले, उरले ३६. त्यातून २४ एकदा. भागाकार ३१, बाकी १२. दहा-दहाने काढत बसली तरी चालेल, उत्तर तेच येतं. काही दिवसांनी ती स्वतःच एकदम ३० काढायला लागेल, आणि मग आजोबांची मांडणी तिला सोपी जाईल.

बाकीचाही अर्थ लावायला शिकवा. गणेशोत्सवात १३० मोदक बारा-बाराच्या डब्यांत भरायचे, तर १० डबे भरतात आणि १० मोदक उरतात. पण 'डबे किती लागतील' असं विचारलं तर उत्तर ११. मुलं भागाकार बरोबर करतात आणि इथे १० लिहून येतात.

चौकट कधी सोडायची, हेही सांगते. तीन अंकी गुणिले दोन अंकीला सहा खण होतात, तिथे मुलं बेरजेत चुकायला लागतात. तोवर उभ्या मांडणीतली प्रत्येक ओळ कुठून आली हे ती सांगू शकत असेल, तर खुशाल सोडा. सांगता येत नसेल तर आणखी महिनाभर दोन्ही शेजारी शेजारी राहू द्या.