अमेरिकेतले इंग्लिश वंशाचे लोक दहा वर्षांत गेले कुठं?

रंकाळ्याचा_वारा
एमए सोशॉलॉजीच्या प्रेझेंटेशनसाठी अमेरिकेच्या जनगणनेचे आकडे काढत बसलोय आणि डोकं चालेना झालंय. १९८० ला इंग्लिश वंशाचे ४ कोटी ९६ लाख, जर्मन वंशाचे त्याच्या जरा खाली. १९९० ला इंग्लिश ३ कोटी २७ लाख आणि जर्मन ५ कोटी ८० लाख!! २००० ला इंग्लिश अजून खाली, २ कोटी ४५ लाख. युद्ध नाही, साथ नाही, देशाची लोकसंख्या तर वाढलीय. सर विचारणार हे नक्की, काय सांगू?

पेठेतला_पैलवान
माणसं कुठं जात नाहीत भावा, फॉर्म बघ. वंशाच्या प्रश्नाला पर्याय नसायचे, मोकळी रेघ असायची, हातानं लिहायचं आणि शेजारी नमुन्याला काही नावं छापलेली. १९८० ला त्यात इंग्लिश होतं, १९९० ला ते काढलं आणि जर्मन सगळ्यात पुढं टाकलं. ज्याचा एक आजा इंग्लिश, एक जर्मन, एक आयरिश, तो पेन हातात घेऊन काय लिहिणार, समोर दिसतंय तेच की. शिवाय २००० ला २ कोटी लोकांनी सरळ ‘अमेरिकन’ लिहिलं, त्यात दक्षिणेकडची केंटकी-टेनेसीसारखी राज्यं पुढं. तिथं लई घराणी ब्रिटनमधून येऊन दोनतीनशे वर्षं झालेली, त्यांना इंग्लंडचं काय सोयरसुतक. शाहूपुरीतल्या एखाद्या व्यापाऱ्याला विचार मूळचे कुठले, पणजोबा गुजरातेतनं आलेले असले तरी तो कोल्हापूरच सांगणार.

आक्का_टोरांटोवाली
माहेर राजारामपुरी, आता कॅनडात. इथं पण सेम. १९९६ च्या फॉर्मवर नमुन्यात ‘कॅनेडियन’ छापलं आणि आधी तीन-चार टक्के असलेले एकदम तीस टक्क्यांच्या वर गेले. २०२१ ला फॉर्मवरची नावंच काढली, तर २०१६ ला १ कोटी ११ लाख असलेले कॅनेडियन ५७ लाखांवर आले, इंग्लिश पण ६३ चे ५३ लाख झाले.

तांबडा_पांढरा
मग हे आकडे म्हणजे नुसता टाइमपासच म्हणायचा की. त्यावर पीएचड्या करतात लोक 😀

पेठेतला_पैलवान
@तांबडा_पांढरा टाइमपास नाही रे, कोण स्वतःला काय म्हणवून घेतंय ते कळतं, रक्त किती ते नाही कळत. खुद्द इंग्लंडात बघ, तिथं वंश नाही, राष्ट्रीय ओळख विचारतात, आणि पर्यायांवर टिक करायची. इंग्लंड-वेल्स मिळून ‘फक्त इंग्लिश’ म्हणणारे २०११ ला ५७.७ टक्के, २०२१ ला १४.९! का, तर इंग्लंडच्या फॉर्मवर ब्रिटिश हा पर्याय उचलून सगळ्यात वर नेला.

रंकाळ्याचा_वारा
नाद खुळा!! पण मग २०२० ला अमेरिकेत इंग्लिश परत ४ कोटी ६६ लाख कसे?

आक्का_टोरांटोवाली
अरे तो प्रश्नच वेगळा. २००० नंतर वंशाचा जुना प्रश्न जनगणनेतनं गेला, तो आता दरवर्षीच्या वेगळ्या सर्व्हेत विचारतात. २०२० ला ‘रेस’च्या, म्हणजे गोरे-काळे वगैरेच्या प्रश्नात ‘व्हाइट’वर टिक केली की खाली लिहायला जागा, नमुन्यात जर्मन, आयरिश, इंग्लिश वगैरे, आणि एकापेक्षा जास्त लिहिणारे पण त्या ४ कोटी ६६ लाखांत धरलेत. १९८० पासून २०२० पर्यंत एकच रेघ ओढून ग्राफ काढू नकोस बाळा, सर तिथंच पकडतील. १९८० आणि १९९० च्या फॉर्मचे फोटो लाव स्लाइडवर, नेटवर मिळतात.