पोर्चमध्ये दोनच मिनिटं

(सोसायटीचा ग्रुप, सोमवार, संध्याकाळी साडेसातनंतर)

बी-३०४ ताई: आज आईला ड्रेसिंगला नेलं होतं. खुब्याचं ऑपरेशन होऊन दहा दिवस झालेत. गुरुवारी टाके काढायला परत बोलावलंय. आजचा प्रकार सांगते, कारण गुरुवारी काय करायचं ते मला कळत नाहीये.

गाडी पोर्चमध्ये लावली. सिक्युरिटीवाला लगेच आला, "मॅडम, दोनच मिनिटं हां." मी म्हटलं व्हीलचेअर द्या. म्हणाला, रिसेप्शनला मिळेल, ओळखपत्र ठेवावं लागेल. आईला गाडीत ठेवून आत गेले, लायसन्स ठेवलं, खुर्ची मिळाली. तिला डाव्या बाजूचं फूटरेस्ट नाही, आणि ऑपरेशन डाव्याच पायाचं. बाहेर आले तर मागे तीन गाड्या हॉर्न वाजवतायत आणि आई रडवेली. कशीबशी खुर्चीत बसवली, तोवर "गाडी काढा". आता आईला ठेवू कुठे? दाराशी, उतारावर, एकटीला? खुर्चीचा ब्रेकही नीट लागत नव्हता. शेवटी एक अनोळखी आजोबा म्हणाले, मी धरतो, तू जा बाळा. ते स्वतः काठी टेकून उभे होते. दुसऱ्या बेसमेंटला गाडी लावून धावत वर आले, तर दोघांच्या गावाकडच्या गप्पा रंगलेल्या.

आजोबा गुरुवारी नसणार.

सी-२०२ काकू: अगं सांगायचं नाहीस का! आमचे हे घरीच असतात.

सेक्रेटरी: सर्वांना सूचना. टँकर आला आहे. सी विंगने अर्धा तास नळ बंद ठेवावेत.

बी-५०२ दादा: ताई, १०८ का नाही बोलावत? फुकट असते.

सी-६०१ (फिजिओ): दादा, १०८ तातडीच्या वेळेसाठी आहे. अपघात, हार्ट अटॅक, बाळंतपण. टाके काढायला ती अडवून ठेवायची नाही. खासगी रुग्णवाहिका मिळते, पण ताईंना तिची गरज नाही. आजी वॉकरवर चार पावलं टाकतात, मी पाहिलंय.

बी-५०२ दादा: ओके. पण हॉस्पिटलची बाजूही बघा ना. शहरात जागा कुठे आहे? पोर्चमध्ये प्रत्येकाने दहा मिनिटं गाडी लावली तर रुग्णवाहिका आत कशी यायची?

बी-३०४ ताई: पोर्च मोकळा हवा हे मलाही पटतं. पण मग शेजारी राखीव जागा असते ना, ती कशासाठी? आहे तिथे. निळा बोर्ड, व्हीलचेअरचं चित्र, एकदम झकास. त्याखाली ऑक्सिजनचे रिकामे सिलिंडर आणि दोन बुलेट. सिलिंडर हलवा म्हटलं तर सिक्युरिटीवाला विचारतो, "दिव्यांगाचं सर्टिफिकेट आहे का?"

ए-४०३ (वकील): बघा, इथे खरी गोची आहे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आणि त्यावरची टक्केवारी लागते ती योजना, आरक्षण वगैरेंसाठी. बहुतेक ठिकाणी ४० टक्क्यांची अट असते. कायद्यात "दीर्घकालीन" असा शब्द आहे. दहा दिवसांपूर्वी ऑपरेशन झालेल्या बाईला ते कार्ड मिळणार नाही, आणि मिळेपर्यंत ती चालायला लागलेली असेल. पण रॅम्प चढायला किंवा खुर्ची मिळायला कार्डाची अट घालणं हास्यास्पद आहे. हॉस्पिटलच्या दारात सगळेच थोडेफार अधू होऊन येतात.

कायदा बाकी स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चं कलम २५, सरकारी आणि खासगी दोन्ही रुग्णालयांच्या सगळ्या भागांत अडथळा नसलेला प्रवेश. एप्रिल २०१७ पासून लागू आहे. सुप्रीम कोर्टानेही नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राला सांगितलं की सुगम्यतेचे, म्हणजे सगळ्यांना सहज ये-जा करता यावी यासाठीचे, निकष नुसते मार्गदर्शक ठेवून चालणार नाही, बंधनकारक करा. दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय इथे पुण्यातच आहे, तिथे तक्रार करता येते. पहिल्या उल्लंघनाला दंड दहा हजारांपर्यंत.

सी-२०२ काकू: दहा हजार? तेवढं तर ते एका एमआरआयला घेतात.

ए-१०१ काका: जागेचं मी सांगतो, आयुष्यभर तेच केलं. आपल्याकडे गाडीची नेहमीची जागा अडीच मीटर रुंद. गाडी पावणेदोन-एक ऐंशीची. म्हणजे दोन्ही बाजू मिळून सत्तर सेंटिमीटर उरले, एकेका बाजूला पस्तीस. त्यात आपण पोट आत घेऊन उतरतो. व्हीलचेअरच पासष्ट सेंटिमीटरच्या आसपास असते, ती उभी कुठे करणार? म्हणून नियमात राखीव जागा ३.६ मीटर रुंद सांगितली आहे, आणि इमारतीच्या दारापासून ३० मीटरच्या आत. दार पूर्ण उघडायचं, खुर्ची सीटला चिकटवायची आणि धरणाऱ्याला मागे उभं राहता यायला हवं. बोर्ड लावून नेहमीचीच जागा निळी रंगवली तर उपयोग शून्य. आज तिथे रुंदी किती होती, मीना?

बी-३०४ ताई: काका, मी टेप नव्हती नेली.

ए-१०१ काका: पावलांनी मोजायची. असो. दुसरं, बेसमेंटच्या गाड्यांच्या उतारावरून खुर्ची कधीही न्यायची नाही. माणसांसाठी रॅम्प एकास बारा. म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. गाड्यांचा त्याहून उभा असतो. खुर्ची सुटली तर थांबत नाही.

सी-६०१ (फिजिओ): ताई, गुरुवारसाठी. आजींना मागे बसवू नका, पुढे डावीकडे. सीट पूर्ण मागे सरकवा, पाठ थोडी तिरकी करा. सीटवर घट्ट उशी ठेवा, म्हणजे खुबा फार दुमडणार नाही. सांधा बदललाय ना? डॉक्टरांनी नव्वद अंशांच्या पुढे वाकवू नका असं सांगितलं असेल. उशीवर प्लास्टिकची मोठी पिशवी अंथरा. आजींनी सीटकडे पाठ करून आधी बूड टेकवायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत. पिशवीवरून अंग आपोआप वळतं, पीळ बसत नाही. नीट बसल्या की पिशवी काढून टाकायची, नाहीतर ब्रेक लावला की त्या घसरतील. आणि फूटपाथवरून बसवू नका. आपण उंचावर असलो की सीट आणखी खाली जाते.

बी-३०४ ताई: हे कुणीच सांगितलं नव्हतं गं. डिस्चार्ज पेपरवर गोळ्यांची नावं आहेत फक्त.

सी-२०२ काकू: आमच्या ह्यांच्या वेळी मी काय करायचे सांगू का? निघायच्या आधी ओपीडीच्या काउंटरला फोन. "पेशंटला उतरता येत नाही, साडेदहाला गाडी येतेय, मामांना खुर्ची घेऊन पोर्चमध्ये उभं करा." मामा म्हणजे वॉर्डबॉय. दोनदा फोन करायचा. एकदा घरून, एकदा सिग्नलवरून. मामा असले की ते आत नेऊन बसवतात, आपण निवांत गाडी लावायची. आणि खुर्ची हातात आली की आधी फूटरेस्ट आणि ब्रेक बघायचा, पेशंट नंतर.

बी-५०२ दादा: हा फोन करायची वेळ यायलाच नको खरं तर.

सी-२०२ काकू: यायला नको रे. पण येते.

बी-३०४ ताई: एक गोष्ट सांगायची राहिली. सगळ्यात जास्त त्रास हॉस्पिटलमध्ये झालाच नाही. आपल्या बी विंगच्या रॅम्पवर झाला. खाली नेताना खुर्ची मला ओढत होती. वॉचमनकाका पुढून छातीने अडवून चालले, म्हणून निभावलं.

(इथे चारएक मिनिटं कुणीच काही लिहिलं नाही. "ए-१०१ काका टाइप करत आहेत" एवढंच दिसत होतं.)

ए-१०१ काका: तो रॅम्प माझ्या देखरेखीखाली झाला आहे. मी तेव्हा कमिटीत होतो. तीन पायऱ्या, म्हणजे दीड फूट उंची. एकास बाराने अठरा फूट लांबी हवी. आपण सातच फूट केला, कारण पुढे गेलो असतो तर जास्वंदीचा वाफा जात होता आणि दोन स्कूटरची जागा. तेव्हा डोळ्यांसमोर व्हीलचेअर नव्हतीच. गॅस सिलिंडरची ट्रॉली चढली की झालं, असा विचार होता. आम्ही सगळे पन्नाशीत होतो.

सी-२०२ काकू: जास्वंद मी लावलेली आहे. काढा खुशाल. मला देवाला कण्हेर चालते.

सेक्रेटरी: विषय चांगला आहे. वार्षिक सभेत घेऊ.

ए-४०३ (वकील): सभा कधी आहे, सर?

सेक्रेटरी: सप्टेंबरपर्यंत.

ए-१०१ काका: सप्टेंबरपर्यंत मीना खुर्ची छातीने अडवत बसेल काय? सरळ अठरा फूट जागा नाही, म्हणून मध्ये वळण द्यावं लागेल. वळणावर खुर्ची फिरेल एवढा सपाट चौथरा आणि दोन्ही बाजूंना कठडा. उद्या सकाळी मी टेप घेऊन खाली येतो. नकाशा आणि अंदाजपत्रक करून देतो, मला त्याचे पैसे नकोत. कमिटीची बैठक तर दर महिन्याला होते ना?

सेक्रेटरी: होते. रविवारी आहे. विषय घेतो.

बी-५०२ दादा: स्कूटरची एक जागा माझीच आहे. मी स्टिल्टमध्ये, बिल्डिंगखालच्या पार्किंगला लावेन. ताई, गुरुवारी किती वाजता?

बी-३०४ ताई: साडेदहाची वेळ दिलीय. म्हणजे बाराला नंबर लागेल.

बी-५०२ दादा: मी वर्क फ्रॉम होम घेतो. गाडी मी चालवतो, तुम्ही आजींजवळ थांबा. पोर्चमध्ये तो दोन मिनिटं म्हणाला तरी मी गाडीत बसलेला असेन, काढायला लागली तर काढेन.

सी-२०२ काकू: आणि परत आल्यावर जेवायला आमच्याकडे. आईला मऊ खिचडी. पहिला फोन मीच करते काउंटरला, तू फक्त नंबर टाक.

बी-३०४ ताई: टाकते काकू. तुम्हाला वेगळा पाठवते, ग्रुपवर नको.

सेक्रेटरी: टँकर गेला आहे. सी विंगने नळ सोडावेत.