बर्डीच्या पाट्या वाचणारा मुलगा आणि ५८ चा आयक्यू

धरमपेठकर
एका ग्रुपवर कालपासून पोस्ट फिरते आहे. नऊ वर्षांचा मुलगा नागपूरच्या बर्डी मेट्रो स्टेशनवरच्या पाट्या मराठी, हिंदी, इंग्रजीत धडाधड वाचतो, मोबाइलवर तेलुगू लिपी शिकला, आणि आयक्यू आला ५८. खाली सल्ला: 'रिपोर्ट फेका, पोरगा जीनिअस आहे.' हा सल्ला घातक आहे. भाषेची हुशारी आणि कमी आयक्यू, दोन्ही गोष्टी एकाच मुलात असू शकतात. इंग्लंडमधल्या ख्रिस्तोफर नावाच्या माणसावर नील स्मिथ आणि इआन्थी त्सिम्प्ली या भाषाशास्त्रज्ञांचा अभ्यास १९९५ साली आला. त्याला पंधरा-वीस भाषा येत, पण बटणं लावणं आणि दाढी करणं जड जाई, वाट सापडत नसे. मण्यांच्या दोन सारख्या माळांपैकी एक पसरून ठेवली की तिच्यात मणी जास्त आहेत, असं तो म्हणे. म्हणून त्याच्या भाषा खोट्या ठरत नाहीत.

महालवाला
भाऊ, अर्धंच सांगितलं तुम्ही. शब्द आणि प्रत्यय ख्रिस्तोफर झपाट्यानं उचलायचा, पण वाक्याची ठेवण इंग्रजीचीच राहायची. भाषांतर शब्दाला शब्द ठेवून करायचा, अर्थ जुळत नसला तरी थांबायचा नाही. आणि या मुलाच्या बाबतीत तर भाषेचा पुरावाच नाही, पाटी वाचल्याचा आहे. अर्थाशिवाय असं वाचण्याला १९६७ पासून हायपरलेक्सिया म्हणतात. आधी तेलुगू बंद करा आणि मराठी तपासा. 'राजूने मोनूला ढकललं' आणि 'राजूला मोनूने ढकललं'. शब्दांचा क्रम तोच, फक्त ने आणि ला बदलले. दोन चित्रं समोर ठेवा, अशी बारा वाक्यं लिहून द्या, स्वतः वाचून दाखवू नका. सहा बरोबर आली तर तो निव्वळ अंदाज. दहाच्या वर आली तर मी मानतो.

धरमपेठकर
चाचणी चांगली आहे, नाकारत नाही. पण तीच वाक्यं तोंडी बोलूनही घ्या. तोंडीही चुकली तर अडचण भाषेत आहे, वाचनात नाही. आणि तेलुगू बंद का? स्वतःहून धरलेली एकमेव गोष्ट हिसकावून काय मिळणार?

सक्करदऱ्याची ताई
तुम्ही दोघं भांडताय, पण ५८ आला कुठून हे कोणी विचारलं? बहुतेक मालिनच्या चाचणीतून, जी याच नागपुरात आर्थर मालिन यांनी भारतीय मुलांसाठी बसवली. सहा उपचाचण्या शाब्दिक, पाच कृतीच्या, आणि एकूण आकडा म्हणजे दोन्हींची सरासरी. शाब्दिक ७८ आणि कृती ३८ असेल तरी ५८ च येतो! ठोकळे जुळवणं, चक्रव्यूह, सगळं घड्याळ लावून. ज्याची बोटंच नीट चालत नाहीत त्याचे गुण तिथेच जातात. चाळीसचं अंतर असेल तर ती सरासरी कुणाबद्दलच काही सांगत नाही. पालकांनी अकराही आकडे मागून घ्यावेत.

महालवाला
मालिनच्या चाचणीचे १९६९ चे मापदंड घेऊन आजच्या पोराला मोजायचं, आणि वर त्यावरच अपंगत्वाचं सर्टिफिकेट? हा अन्याय आहे ताई, सरळ अन्याय.

सक्करदऱ्याची ताई
ओरडू नका, आधी माहिती घ्या. सर्टिफिकेटवरचे अपंगत्वाचे टक्के २०१८ च्या सरकारी सूचनांप्रमाणे ठरत ते व्हाइनलँडच्या सामाजिक परिपक्वता मापनावरून, म्हणजे मूल रोजची कामं स्वतः किती करतं यावरून; २०२४ मध्ये नव्या सूचना आल्या. त्याचंही भारतीय रूप नागपूरचंच, ८९ मुद्द्यांचं. २०१८ च्या सूचनांत सामाजिक वयाला खऱ्या वयानं भागून शंभरनं गुणलेला गुणांक ५५ ते ६९ म्हणजे ५० टक्के, ३६ ते ५४ म्हणजे ७५ टक्के. त्या आकड्यांनी हिशोब करा. मुलगा १०८ महिन्यांचा. सामाजिक वय ६० महिने निघालं तर ५५.६, आणि ५८ महिने निघालं तर ५३.७. दोन महिन्यांच्या फरकानं गट बदलला. आई कौतुकानं 'हो, सगळं वाचतो, सगळं करतो' म्हणाली की तपासणारा खूण करून मोकळा. मुद्दा विचारताना 'रोज, कोणी न सांगता करतो का' हे विचारलंच पाहिजे. आंघोळ, कपडे, सुटे पैसे, एकट्यानं दुकानापर्यंत जाणं.

महालवाला
गणित बरोबर आहे. अन्याय म्हणालो ते मात्र मागे घेत नाही.

वर्धा रोड, विशेष शिक्षक
सर्टिफिकेटवर किती वेळ काढता बाप्पा! मुलाला सकाळी शाळेत बसवायचं कसं, ते बोला ना. वाचन येतं तर तेच हत्यार. चार चिठ्ठ्या, एका चिठ्ठीवर एकच काम: 'डबा दप्तरात ठेव.' चुकतं कुठे ते सांगतो. मुलगा चिठ्ठी मोठ्यानं वाचतो आणि खाली ठेवतो, कारण आजवर वाचून दाखवलं की टाळ्या मिळाल्या, वाचणं हेच त्याचं काम होऊन बसलं. म्हणून 'वाच' म्हणायचंच नाही. चिठ्ठी हातात द्यायची, दहा सेकंद गप्प राहायचं. हललाच नाही तर डब्याकडे बोट दाखवायचं, शब्द परत बोलायचे नाहीत. चार जमल्या की मगच पाचवी. आणि पाहुण्यांसमोर पाट्या वाचायला लावणं आजपासून बंद.

महालवाला
सर, तेलुगू चालू राहू द्या मग. पण त्याच चिठ्ठ्यांत ने-लाची वाक्यंही घाला: 'पेन्सिलनं वहीला स्पर्श कर', 'वहीनं पेन्सिलला स्पर्श कर'.

वर्धा रोड, विशेष शिक्षक
दोन आठवड्यांनंतर घालीन. आधी डबा.