'ढगाळ वातावरण' म्हणजे नेमकं कसं?

मुलीनं 'पावसाळ्यातला एक दिवस' हा निबंध लिहिला. पानभर मजकुरात 'वातावरण ढगाळ होते' हे वाक्य चार वेळा. मी विचारलं, "पाऊस येणार असं वाटत होतं का?" ती म्हणाली, "ते कसं कळणार? ढगाळ होतं, एवढंच." तिला तरी काय बोलणार, रोजच्या बातम्यांत तिच्या कानावर हेच पडतं. अख्ख्या जिल्ह्याचा अंदाज सांगायचा तर 'ढगाळ' ठीक आहे. पण मान वर करून पाहिलेलं लिहायचं असेल तर तो पुरत नाही.

पहिला मुद्दा आकाश आणि आभाळ यांचा. हे समानार्थी म्हणून शाळेत पाठ केलेले, पण माझी आई फोनवर म्हणते, "आभाळ आलंय, वाळवण आत घेते." इथे 'आकाश आलंय' म्हणून बघा, वाक्यच मोडतं. आभाळ हा शब्द अभ्रावरून आलेला आणि अभ्र म्हणजे ढग. तो ढग त्यात अजून शिल्लक आहे. म्हणूनच आभाळ येतं, भरतं, गळतं, आणि फाटलं तर ठिगळ कुठे कुठे लावायचं असा प्रश्न पडतो. आकाशाला उंची आहे. ते निरभ्र असतं, आनंदानं ठेंगणं होतं. चांदण्या दोन्हींत चालतील, पण ओल आणि वजन हवं असेल तर मी आभाळच घेईन.

आता त्या चार 'ढगाळ'कडे. मळभ म्हणजे ढगांचा सपाट, मळकट थर. पाऊस नाही, ऊन नाही, दोरीवरचे कपडे संध्याकाळपर्यंत दमटच. कुंद म्हणताना मी ढगांपेक्षा हवेबद्दल जास्त बोलत असतो: वारा पडलेला, पान हलत नाही, जीव घुसमटतो. मळभ असून हवा कुंद नसेल असं होऊ शकतं. झाकोळणं मात्र बदल दाखवतं. आत्ता ऊन होतं, ढग आडवा आला आणि अंगण झाकोळलं. एकाच दिवसात तिन्ही पाहायला मिळतात, म्हणून मुलीला म्हटलं, सकाळी मळभ लिही, दुपारी झाकोळू दे.

पाऊस थांबण्याचे शब्द तर फारच नेमके आहेत, आणि वर्तमानपत्रांत नेमकी तिथेच सरमिसळ होते. पाऊस उघडीप देतो तेव्हा ती हवीशी असते, आधी भरपूर पडून गेलेला असतो. पाऊस ओढ देतो किंवा दडी मारतो तेव्हा पेरलेलं करपायची भीती असते. जूनमध्ये पेरण्या खोळंबल्या असताना 'पावसाची उघडीप' असा मथळा वाचला की शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला तो टोचतो. उघडीप मिळाली की वापसा येतो, हाही शब्द शहरात हरवत चाललाय. जमीन ओली आहे, पण पायाला चिखल लागत नाही, अशी ती अवस्था. वडील मूठभर माती दाबून गोळा करायचे आणि खाली टाकायचे. गोळा फुटला की वापसा, न फुटता थापला गेला की अजून एक दिवस थांबायचं. आभाळाचं वर्णन करता करता मातीपर्यंत आलो खरा, पण गावात आभाळ पाहिलं जातं ते त्या मातीसाठीच.

ढगफुटीबद्दलही एक विनंती. हवामान खात्याच्या लेखी लहानशा भागात तासाभरात 100 मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तर ती ढगफुटी. रस्त्यावर गुडघाभर पाणी साचलं म्हणून लगेच तो शब्द वापरू नये. मुसळधार, धो धो, झोडपून काढणारा असा पाऊस सांगायला आपल्याकडे शब्द आहेत की.

आता मला हवा असलेला शब्द. छत्री उघडावी की नाही असा प्रश्न पडतो, पण पाच मिनिटांत केस ओले होतात, अशा बारीक पावसाला आमच्या साताऱ्याकडे भुरभुर म्हणतात. पिरपिर आणि रिपरिप मला वेगळ्या वाटतात, त्यांत कंटाळा आहे. भुरभुरीत तो नाही. तुमच्याकडे, विशेषतः कोकणात आणि विदर्भात, याला काय म्हणतात? शब्द नुसता देऊ नका, घरी तो ज्या वाक्यात ऐकलात ते वाक्यही लिहा.