टेम्प्लेट क्लासला कम्पेअर फंक्शन दिलं की लिंकर बोंबलतो, काय करू?

पेटीवाला: मंडळी, डोकं आउट झालंय. काकांच्या पिंपळगावच्या पॅकहाउससाठी सी प्लस प्लसमधे छोटा प्रोग्राम करतोय, द्राक्षाच्या पेट्या कधी वजनाने तर कधी ब्रिक्सने (गोडीच्या मापाने) लावायच्या, म्हणून यादीचा टेम्प्लेट क्लास (कुठल्याही प्रकारच्या वस्तूला चालणारा साचा) केला आणि त्याला तुलनेच्या फंक्शनचा पॉइंटर देतो. यादी.एच (हेडर), यादी.सीपीपी, मेन.सीपीपी अशा तीन फायली. कम्पाइल निमूट होतं आणि शेवटी फायली जोडताना लिंकर म्हणतो अनडिफाइन्ड रेफरन्स, म्हणजे फंक्शन सापडत नाही. भाषा बदलणार नाही, लॅपटॉपवर खर्च नाही, आणि सगळं हेडरमधे कोंबायचं नाही, मला मग काही सापडत नाही.

सातपूरकर: पायथनमधे कर ना, सॉर्टला की दिली की एका ओळीत काम. मी तर सी प्लस प्लस कॉलेजातच सोडलं.

सिडकोचा_राजा: आधी रॅम वाढव भाऊ. मी ८ ची १६ केली, तेव्हापासून एक एरर नाही.

पेटीवाला: रॅमचा काय संबंध??

गोदाकाठ: प्रत्येक सीपीपी वेगळी कम्पाइल होते. मेनला पेटी माहितीय पण फंक्शनची बॉडी दिसत नाही, यादी.सीपीपीत बॉडी आहे पण ती पेटीसाठी बनवायची हे तिला कुणी सांगितलंच नाही, मग कोड तयार होणार कुठून. एकतर बॉडी हेडरमधे घे, नाहीतर यादी.सीपीपीच्या तळाशी 'टेम्प्लेट क्लास यादी<पेटी>;' एवढं लिही.

जुनं_खोड: ९८ च्या स्टँडर्डमधे यासाठीच एक्स्पोर्ट कीवर्ड होता. जीसीसीने कधी दिलाच नाही, २०११ ला काढून टाकला.

सातपूरकर: बघा, म्हणून पायथन.

अंबडवाली: बॉडी हेडरमधेच टाका. पण साधं कम्पेअर फंक्शन हेडरमधे लिहिलंत तर आधी इनलाइन लावा, मी विसरले आणि दोन दिवस मल्टिपल डेफिनिशन (एकच फंक्शन दोनदा सापडलं) ही एरर बघत बसले.

गोदाकाठ: तेच तर म्हणालो वर. पेटीवाले, एररच्या ओळी किती?

पेटीवाला: दोन. तळाशी ती ओळ टाकली तर पहिली गेली. दुसरी तशीच: माझं तुलनेचं फंक्शन ब्रिक्सलहान, कंसात 'पेटी कॉन्स्ट' दोनदा, दोन्हीपुढे अँपरसँड. पण हे फंक्शन यादी.सीपीपीत आहे हो, डोळ्यांनी बघतोय!

गोदाकाठ: तिथे कॉन्स्ट आहे का? ऑब्जेक्ट फाइलवर (कम्पाइल झालेल्या फायलीवर) एनएम हायफन मोठा सी ही आतली नावं दाखवणारी कमांड चालव आणि नाव अक्षर न अक्षर जुळव.

पेटीवाला: अरे देवा. हेडरमधे कॉन्स्ट आहे, सीपीपीत नुसतं पेटी अँपरसँड.

गोदाकाठ: म्हणजे ते दुसरंच ओव्हरलोड (नाव तेच, पॅरामीटर वेगळे) झालं. कम्पायलर कशाला बोलेल, त्याच्या लेखी दोन वेगळी फंक्शन्स.

जुनं_खोड: पॉइंटर कशाला पण, फंक्टर (फंक्शनसारखा वापरता येणारा ऑब्जेक्ट) द्या.

पेटीवाला: चाललं एकदाचं! कॉन्स्ट लावला. ती तळाची ओळ मात्र काढली, उद्या काका कांद्याच्या गोण्या लावायला सांगतील, दर वेळी ओळ कोण वाढवणार. सरळ मेनमधे यादी.सीपीपी इन्क्लूड केली. लगेच मल्टिपल डेफिनिशन आलं, मग कमांडमधून यादी.सीपीपी काढली.

गोदाकाठ: अरारा. सीपीपी इन्क्लूड करतं का कुणी! निदान एक्स्टेन्शन तरी बदल.

पेटीवाला: ब्रिक्सने पेट्या लागल्या ना, बास.

सिडकोचा_राजा: रॅम किती आहे ते सांगितलंच नाहीस.