टाकीच्या शिडीच्या पायऱ्या: आतून वेल्ड की आरपार भोक?

नवा_वेल्डर
पाण्याच्या टाकीला कायमची लोखंडी शिडी करतोय. उभ्या बाजूंना 65 × 10 ची पट्टी, पायऱ्यांना गोल सळई. सळई दोन पट्ट्यांच्या मध्ये धरून आतून गोल वेल्ड मारला तर चालेल का? भोकं पाडण्यात फार वेळ जातोय. 16 मिमीची सळई पडून आहे, तीच वापरू?

लोखंडकाम
वेळ गेला तरी जाऊ द्या, भोकं पाडाच. नुसत्या आतल्या वेल्डवर पायरी ठेवली की चढणाऱ्याचा सगळा भार त्या वेल्डवर. प्रत्येक पावलाला सळई किंचित वाकते, वेल्डला वरच्या कडेला ओढ बसते, आणि तिथे पडलेली बारीक चीर रंगाखाली दिसत नाही. सळई आरपार असेल तर वेल्ड तडकला तरी ती भोकात टेकून राहते. वर गेलेला माणूस खाली उतरू शकतो. माझ्यासाठी एवढं कारण पुरे.

भोक सळईपेक्षा जेमतेम अर्धा-एक मिमी मोठं ठेवा. दोन्ही पट्ट्या एकावर एक क्लॅम्प करून एकदमच ड्रिल करा, म्हणजे पायऱ्या तिरक्या बसणार नाहीत. सळईचं टोक पट्टीच्या बाहेरच्या तोंडापासून दोन-तीन मिमी आत, तो खड्डा वेल्डने भरून ग्राइंडरने सपाट. आतूनही बारीक वेल्ड पूर्ण गोल फिरवा. फट राहिली तर पाणी शिरतं आणि आतून गंज फुगतो.

आधी सगळ्या पायऱ्या टॅक करा (नुसते छोटे तात्पुरते वेल्ड), दोन्ही कर्ण सारखे आहेत का मोजा, मग वर-खाली आलटून पालटून वेल्ड. एका टोकाकडून सलग गेलात तर पट्ट्या ओढल्या जातील.

16 ची सळई नको. पायरी 400 मिमी रुंद, मधोमध 100 किलो, टोकं नुसती टेकलेली असं धरून हिशेब केला, तर ताण सुमारे 244 न्यूटन प्रति चौरस मिमी येतो. साधं पोलाद 250 ला कायमचं वाकायला लागतं. 20 मिमीत तोच ताण 125 वर उतरतो.

नवा_वेल्डर
पटलं दादा, 20 ची आणतो. नंतर गॅल्वनाइझ करणार आहे, म्हणजे वितळलेल्या झिंकमध्ये (जस्तात) बुडवून थर चढवणार. वजन कमी म्हणून पाइप घेतला तर?

झिंकवाला
दोन्ही तोंडं बंद केलेला पाइप आमच्याकडे पाठवू नका, कळकळीने सांगतो. झिंक साधारण 450 अंशांवर वितळलेलं असतं. आत अडकलेल्या ओलाव्याची वाफ होऊन पाइप झिंकच्या टाकीतच फुटतो, शेजारी माणसं उभी असतात. भरीव सळई घ्या. आणि वेल्डिंग सगळं आधी उरका. झिंक चढल्यावर वेल्ड केलात तर तो धूर छातीत जाऊन ताप येतो.

लोखंडकाम
बरोबर. आणखी एक, उरलेली टीएमटी सळई (काँक्रीटमध्ये घालतात ती) कुणी सुचवली तर ऐकू नका. तिचा कडकपणा बाहेरच्या थरात असतो, वेल्डच्या उष्णतेने तोच नरम पडतो. पायऱ्यांमध्ये अंतर 300 मिमी, सगळीकडे सारखं. पायरीच्या मध्यापासून मागच्या भिंतीपर्यंत 180 मिमी तरी सोडा, नाहीतर बुटाचा फक्त चवडाच टेकतो.