मदत हवी आहे: बॅटरी बदलू की आधी स्टार्टर बघू?

पेट्रोल हॅचबॅक, १२ व्होल्ट ३५ एएच मेंटेनन्स-फ्री बॅटरी, वय ४ वर्षं. सकाळी पहिला सेल्फ कण्हत फिरतो, हेडलाइट चालू असेल तर पार पिवळा पडतो. दुपारी मात्र एका झटक्यात चालू.

मल्टिमीटरचे आकडे असे: चार्जरवर पूर्ण चार्ज करून, निगेटिव्ह काढून रात्रभर ठेवली तर सकाळी १२.६ऐवजी १२.३ व्होल्ट. सेल्फ मारताना ८.९पर्यंत घसरते, ९.६च्या खाली नको, एवढं माहीत आहे. इंजिन चालू असताना १४.२, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर ठीक. गाडी बंद करून अर्ध्या तासाने गळती ३० मिलिअँपिअर, तीही चालण्यासारखी. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी सोडा-पाण्याने धुतली, क्लॅम्प आवळले, तरी फरक शून्य. बॅटरीवरचा चार्ज दाखवणारा हिरवा डोळा अजून हिरवाच आहे, पण तो एकाच सेलचं सांगतो, त्यामुळे त्याच्यावर भरवसा नाही.

वायर काढलेली असूनही व्होल्टेज उतरतंय, म्हणून माझा संशय बॅटरीच्या आतल्या सेलवरच. पण स्टार्टर जास्त करंट ओढत असेल तरीही ८.९ दिसेल ना? एवढ्या इंजिनाला क्लॅम्प मीटरवर किती अँपिअरपर्यंत चालतं? आणि बॅटरीचा निगेटिव्ह ते इंजिन ब्लॉक, सेल्फ मारताना ०.४ व्होल्ट दिसतात. अर्थिंगची पट्टी आधी बदलावी का?